सूनबाईची समजूत

११ नोव्हेंबर

चि. रविराज,

बीडला थंडी पडली का, स्वेटर नेलास की इथंच राहिला, हे आधी लिहा असं तुझ्या आईनं बजावलंय. म्हणून आधी ते लिहिलं.

माझा फोन तू उचलत नाहीस. परवा शेजारच्या युवराजच्या मोबाईलवरून लावला तेव्हा उचललास, आणि मी तब्येत विचारायच्या आत स्वतःचं बोलून मोकळा झालास. "आप्पा, आख्खी नोकरी पोरायला भाषण करायला शिकवण्यात गेली तुमची. आता घरातल्या एका बाईची समजूत घाला. राजीनाम्याचा कागद पाठवलाय. तिनं सही केली की त्याच दिवशी घरी येतो." पुढे नुसतं टूं टूं. युवराज माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. म्हणून हे पत्र. पत्राला मधेच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण निदान मला कळत नाही.

कागद पोचला. तुमचे पुढारी मोहनराव, त्यांच्या ड्रायव्हरनं आणून दिला. 'घरगुती अडचणीमुळे मी सरपंचपदाचा राजीनामा देत आहे', खाली सत्यशीलाचं नाव टाईप केलेलं आणि वर सहीपुरती मोकळी जागा. भाषा स्वच्छ आहे. कुणाकडून लिहून घेतलास?

त्या दिवशी अंगणात जे झालं त्यात मी पडलो नाही, याचा तुला राग असेल. तू मोहनरावांना शब्द दिला होतास, हे मला माहीत आहे. गायरान सोलर कंपनीला द्यायचं, त्याला ग्रामसभेचा ठराव लागतो, सभा न घेताच सभा झाली असा कागद करायचा आणि घरोघर फिरून सह्या घ्यायच्या. असं सगळीकडे चालतं, हेही मला माहीत आहे. तुझ्या बायकोनं एवढंच विचारलं, "सभा झालीच न्हाई, तर मी सही कशाची करू?" आणि तू लोकांदेखत म्हणालास, "दोन वरसं खुर्चीवर मी बसतो, बोलतो मी, तुला आजच कावून तोंड फुटलं?" मग पिशवी उचललीस आणि बीडच्या गाडीत बसलास.

तुझ्या आईला मी कबूल केलंय की समजूत घालतो. तुलाही कळवतो. माझ्याकडं शिकलेली कितीतरी पोरं वक्तृत्व स्पर्धेच्या ढाली घेऊन आली होती. तू सातवीत नेकनूरच्या स्पर्धेला गेलतास ते आठवतं का? स्टेजवर चढायलाच तयार नव्हतास तू. मी सांगितलं होतं, माणसांकडे बघू नकोस, त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघ, लोकांना वाटतं आपल्याकडेच बघतोय. तू बघितलंस आणि धाडधाड बोललास. परत येताना एसटीत पुस्तकातली ओढ्याची कविता म्हणत होतास, माझ्याच चालीवर. खिडकीतून वारा येत होता, तू झोपलास तेव्हाही ओठ हलत होते. असो. हे मी कशाला लिहितोय.

तुझी लेक आरोही बरी आहे.

तुझा
आप्पा


१९ नोव्हेंबर

रविराज,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

काम सुरू केलंय. शाळेत जो क्रम शिकवायचो त्याच क्रमानं गेलो. पहिली पायरी, श्रोत्याला आधी आपलंसं करावं. संध्याकाळी सत्यशीला भाकरी करत होती. मी पाट घेऊन जवळ बसलो आणि म्हणालो, "सत्यशीला, तू या घरात आलीस तेव्हापासून या घराला जी शोभा आली..."

ती म्हणाली, "मामा, हे भाषण हाय का बोलणं हाय? भाषण आसंल तर तेवढ्या भाकरी उरकून घेते आधी."

तुझी आई आतून हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि तेही मला.

दोन दिवस जाऊ दिले. मग दुसरी पायरी, काळजाला हात घालावा. आरोही रोज संध्याकाळी फाट्यावरच्या गाडीचा आवाज आला की ओट्यावर येऊन उभी राहते, हे तिला सांगितलं. जरा आवाज खाली आणून सांगितलं, जसं मी पोरांना सांगायचो की दुःखाचं वाक्य मोठ्यानं म्हणू नये. सत्यशीला कापसाच्या बोंडातला कचरा काढत बसली होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "ती मला बी विचारती, मामा. तिला मीच उचलून आत आणते. तुमाला वाटलं मला दिसत न्हाई?"

रवी, मी उठून बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसलो. ही पायरी मी किती पोरांना शिकवली असेल. ऐकणाऱ्याच्या बाजूनं ती कशी दिसते, ते मी कधी पाहिलं नव्हतं.

तिसरी पायरी, फायदे सांगावेत. कालच सांगितले. कंपनी ग्रामपंचायतीला भाडं देईल, शेतीला दिवसा वीज मिळेल, गायरान तसंही काट्याकुट्यांचं आहे. मुद्दे खोटे नाहीत. मी ते नीट, एकामागून एक मांडले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामा, तुमाला पटलंय का हे?"

मी म्हणालो, "हो, पटलंय की."

"मग भिंतीकडं कावून बघता? माझ्याकडं बघून म्हणा."

मला कळलंच नव्हतं की मी भिंतीकडे बघतोय. इतक्या वर्षांची सवय. तिच्याकडे बघितलं आणि वाक्य आलं नाही. फळ्यावर दरवर्षी पहिल्या दिवशी मी एकच नियम लिहायचो, जे स्वतःला पटलेलं नाही ते दुसऱ्याला पटवून देऊ नये. पोरं वहीत उतरवून घ्यायची. पुढे त्यातल्या काही पोरांनी निवडणुका लढवल्या.

सध्या एवढंच. घसा बसलाय, गुळण्या करतोय. तुझी आई म्हणते बोलून बोलून बसला असेल.

आप्पा


३० नोव्हेंबर

रविराज,

सत्यशीलानं खरीखुरी ग्रामसभा बोलावली आहे. ग्रामसेवकाला घेऊन तिनं स्वतः नोटीस काढली. विषय एकच, गायरान. तुझ्या कानावर आलं असेलच, कारण दुसऱ्याच दिवशी मोहनराव गाडी घेऊन आपल्या दारात हजर.

वाकून पाया पडला. या माणसाला मी पाचवीपासून बोलायला शिकवलं. कुठं थांबायचं हे याला न शिकवता कळायचं. थांबला की वर्ग श्वास धरायचा. अजूनही तसाच थांबतो. चहा घेतला, आरोहीला जवळ घेतलं, तुझ्या आईला "माय, तब्येत कशी हाय" विचारलं. मग माझ्याकडे वळून थांबला. मला वाटलंच, आता मुद्दा येणार.

"गुरुजी, सभेत तुमी दोनच शब्द बोला. तुमी बोलले की गाव गप बसतंय. सोलरच्या बाजूनं बोला आसंबी म्हणत न्हाई मी. फक्त म्हणा की पोरांच्या भविष्याचा इचार करा. बाकी मी बघून घेतो." पुन्हा थांबला. "रविराजला त्या दिवशी मी संग घेऊन येतो. घरी सोडूनच जातो."

मी म्हणालो, बघतो.

तो गेल्यावर तुझी आई म्हणाली, "बघता काय? बोलून टाका. गावातल्या प्रत्येकाच्या लग्नात उठून बोलता, ज्याची वळख न्हाई त्याच्या दहाव्याला बोलता. पोटच्या पोरासाठी दोन शब्दाला काय रोग आलाय?"

मी चपला घालून शेताकडं गेलो. तिथं दुसरीच पंचाईत. सत्यशीला वेचणीला होती. कमरेला बांधलेल्या ओटीतल्या कापसासकट माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मला सभेत बोलायचं हाय. शिकवा."

मी म्हणालो, "मी तुझी समजूत घालायला लागलोय आणि तू मलाच शिकव म्हणतेस?"

"समजूत घरी घाला. शेतात शिकवा."

तर हल्ली दुपारी आम्ही दोघं कापसाच्या ओळीत असतो. तुला आवडणार नाही, पण लपवून काय करू. तिचा आवाज घशातून येतो, पोटातून येत नाही. तो मोकळा व्हावा म्हणून मी तिला पुस्तकातल्या जुन्या कविता मोठ्यानं म्हणायला लावतो. पहिल्या दिवशी लाजली. शेजारच्या रानातून धुळाजी मेंढ्या घेऊन चालला होता. तो ओरडला, "सरपंचबाई, कुणावर रागावल्या?" ही म्हणाली, "कविता हाय, धुळाजीभाऊ." तो म्हणाला, "मग चालू द्या, मेंढरं गप झाली बगा."

त्या कविता ऐकताना मला झेडपीची कौलारू शाळा दिसते. पावसाची गळती बादलीत पडतेय आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतोय. कुणाचा आवाज कुणाचा, ओळखू येत नाही. तुझाही त्यात होता. मला तेव्हा वाटायचं, ज्या पोराला एवढ्या कविता पाठ आहेत ते पोर वाईट बोलायचं नाही. भाबडं होतं ते, पण मी अजून तिथंच आहे.

आता जे लिहितो ते आईला सांगू नकोस. मी दोन भाषणं लिहिली आहेत. एक मोहनरावनं सांगितलेलं, पोरांच्या भविष्याचं. एक सत्यशीलासाठी, गायरानाचं. दोन्ही तयार आहेत. दोन्ही चांगली झालीत, हेच वाईट.

तू खरंच येणार आहेस का त्याच्यासोबत? तेवढं कळव. एका ओळीत कळव.

आप्पा


९ डिसेंबर

रविराज,

सभा काल झाली. तू आला नाहीस. मोहनराव म्हणाला, ऐनवेळी कलेक्टर कचेरीत काम निघालं. तुझी आई पुरणाचं शिजवून बसली होती. त्याची गाडी आली तेव्हा मी मागची काच बघत राहिलो, काळी काच, आत कुणी आहे की नाही ते दिसत नाही. दार उघडलं तर मोहनराव आणि त्याची बायको गीताबाई, दोघंच.

तुझ्या कानावर कुणीतरी कसंही घालेल, म्हणून मी जसं घडलं तसं लिहितो.

मारुतीच्या पारावर सभा. गाव भरून आलं होतं. धनगरवस्तीवरचे सगळे आले, बायकापोरांसकट. सत्यशीला खुर्चीवर बसली. तू बसायचास त्याच खुर्चीवर. लोकांना ते बघायला वेळ लागला. मागून कुणीतरी बोललंच, "रविराजला बोलवा बे, सभा सुरू करायची हाय." हशा झाला.

ती उठली. माईक हातात घेतला, तोंडाच्या फार जवळ धरला, आणि माईक असा काही किंचाळला की पारावरचं कुत्रं पळालं. पुन्हा हशा. तिनं सुरुवात केली, "माझ्या सन्माननीय ग्रामस्थ बंधू आणि भगिनींनो, गायरान म्हणजे केवळ जमिनीचा तुकडा नव्हे..." हे माझं वाक्य. पुढचंही माझं होतं, त्यात आकाश होतं, गवत होतं, पूर्वजांच्या पावलांच्या खुणा होत्या. पाठ होतं तिला. कापसात कितीदा तरी म्हटलं होतं. पूर्वजांपर्यंत आली आणि अडली. पुन्हा मागून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. माझे ओठ हलत होते, मी शब्द पुरवत होतो, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. पहिल्या रांगेत मोहनराव हाताची घडी घालून बसला होता. थांबायचं कसं हे त्याला कळतं, त्यामुळे दुसऱ्याचं थांबणं ठरवून आहे की अडून, हेही कळतं. तो हसत नव्हता, नुसता वाट बघत होता.

मला वाटलं आता ही खाली बसेल. रवी, खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. ती बसली की मी उठणार, दोन शब्द बोलणार, तू घरी येणार.

तिनं माईक टेबलावर ठेवला. पदर खोचला आणि बायकांच्या बाजूला गेली. गीताबाईंच्या समोर उभी राहून म्हणाली, "काकू, एक इचारू का?"

गीताबाई म्हणाल्या, "इचार की."

"तुमच्या म्हशी दुपारच्या कुठं असतेत?"

गीताबाई सरळ बाई. नवऱ्याकडे बघायचं त्यांना सुचलंच नाही. म्हणाल्या, "कुठं म्हंजे? गायरानात. आनखी कुठं सोडायच्या, डोक्यावर?"

मग धनगरवस्तीवरची एक म्हातारी हसली, आणि मग सगळा पार. मोहनरावही हसला, त्याला हसावंच लागलं.

सत्यशीला पुढच्या बाईकडे गेली. मग तिच्या पुढच्या. तुमची शेरडं कुठं असतेत, तुमची गाय कुठं असती, सरपण कुठून आणता. प्रत्येक बाई उत्तर देत गेली. कुणी बसून, कुणी उठून. बायकांच्या बाजूनं एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता, सभेला बायका येतात त्या शेवटी नाव लिहायला. ती स्वतः काहीच म्हणाली नाही. फक्त विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत उभी राहिली. धुळाजी मधेच उठला आणि त्यानं त्याच्या एका लंगड्या मेंढीची गोष्ट सुरू केली, ती संपेचना. तीसुद्धा तिनं शेवटपर्यंत ऐकली. खरंतर कंटाळवाणी होती.

मग मोहनराव उठला. फार छान बोलला. मला एक एक जागा ओळखू येत होती, इथं आवाज खाली, इथं हात छातीवर, इथं थांब. सगळं माझंच. बोलणं संपवताना म्हणाला, "आपल्या सगळ्यायचे गुरुजी इथं हायेत. त्यायनी दोन शब्द बोलावेत, आन गावानं ते मानावेत."

मी उठलो. सगळे गप. अशी शांतता मला आयुष्यभर आवडत आली. खिशात हात घातला नाही, भाषणं दोन्ही पाठच होती. तुझी आई बायकांच्या शेवटच्या रांगेत होती. मागं भिंत नाही पाराला, रानच आहे उघडं. नाइलाजानं माणसांकडे बघितलं.

म्हणालो, "मला बोलायचं नाही. हात वर करायचे तेव्हा करीन." आणि बसलो.

हात मोजायची वेळ आली तेव्हा, गायरान आहे तसं राहू द्या म्हणणाऱ्यांत मी हात वर केला. सत्यशीलाकडे बघून नाही, तुझ्या आईकडे बघून. तिनं मान खाली घातली.

ठराव नामंजूर झाला. मोहनराव जाताना पाया पडला नाही. नमस्कार केला लांबून. गीताबाई गाडीत बसताना काहीतरी म्हणत होत्या, त्यानं काच वर केली.

कालपासून तुझी आई माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, ठेवते, जाते. पुरण तसंच आहे.

मला फार थकल्यासारखं झालंय, रवी. जिंकल्यासारखं काहीच वाटत नाही. संध्याकाळी ओट्यावर पडलो होतो, पाखरं घरी जात होती, आणि मला कवितेची एक ओळ आठवेना. रोज येणारी ओळ. इतकी साधी होती.

आप्पा


१७ डिसेंबर

रविराज,

हे शेवटचं. या कामाबद्दलचं शेवटचं, असं म्हण.

तू सांगितलेलं काम माझ्यानं झालं नाही. सत्यशीलाची समजूत मी घालू शकलो नाही, आणि आता घालणारही नाही. तू येणार नसशील तर त्याचा दोष माझ्याकडे राहू दे. तुझी आई तो मला देतेच आहे. काल बोलली पहिल्यांदा. म्हणाली, "बापलेक दोघं बी आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडानं बोलता. ज्याचं त्याला बोलू द्या की कधी." मी म्हणालो, अगं तूच तर म्हणालीस बोला. म्हणाली, "मी चुकले आसंन. मला काय शाळा हाय?"

नंतर मी हिशेब मांडून बघितला. तू बीडहून मला निरोप देतोस, मी तो तिला सांगतो. ती मला काही म्हणते, ते मी माझ्या शब्दांत सजवून तुला लिहितो. या चार पत्रांत तिची किती वाक्यं आली, पण तुला लिहायचंय का काही, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. आज विचारलं. ती म्हणाली, "कागद हाय का मोठा?" मी म्हणालो, माझंच पत्र अर्धं कोरं आहे, खाली लिही.

तर मी इथं थांबतो. खालचं मी वाचणार नाही. शुद्धलेखनही तपासणार नाही.

आप्पा

...

आरोहीचे पप्पा,

मामायनी कागद दिला आन बाहेर जाऊन बसले. मला त्यांच्यासारखं लिहिता येत न्हाई.

मी राजीनामा देणार न्हाई. लोकायनी मला निवडून दिलं, खुर्चीवर मीच बसणार. बोलायचं बी मीच. चुकलं तर चुकलं. सभेत चुकलंच होतं, लई चुकलं, लोक हसले. मेले न्हाई मी.

तुमच्याबिगर मला घरात करमत न्हाई. हे बी खरं हाय आन वरचं बी खरं हाय. दोन्ही एकदम खरं कसं आसतंय ते मला माहीत न्हाई, पण हाय.

मोहनरावायचं तुमच्यावर काही दडपण आसंल तर ते मला सांगा. मी भांडेन पण ऐकून घेईन आधी.

यायचं आसंल तर या. यायचं नसंल तर ते बी हितं येऊन माझ्या तोंडावर सांगा. मधी आता कुणाला घालू नका, मामाला न्हाई, ड्रायव्हरला न्हाई. तुमी सांगा, मी ऐकते. मग मी सांगते, तुमी ऐका. मग जायचं तर जा.

सत्यशीला